न घेतलेलं नाव

वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये दर मुलीपुढे मी आईचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जुना आजार एवढं लिहून घेत असे. कॉलेजच्या ऑफिसला तेवढंच लागायचं. त्याखाली एक ओळ मी माझ्या मनाने वाढवली होती: घरातलं कोण वारलं आणि कधी. पोरगी जिन्यात बसून रडताना दिसली की कारण शोधत बसावं लागू नये, म्हणून. बिश्केकच्या त्या वैद्यकीय कॉलेजच्या वसतिगृहाची व्यवस्था मी एकवीस वर्षं पाहिली. मुली तोंडावर मला काल्बूबू एजे म्हणत, एजे म्हणजे थोरली बहीण, आणि पाठीमागे बॉयलर. दोन्ही खरंच होतं.

मीरिम २००२ च्या सप्टेंबरमध्ये आली. डोंगराळ नारिन प्रांताच्या वरच्या अंगाच्या एका गावातली. सतरा वर्षांची, गाल वाऱ्याने तडकलेले, काखेत घरची उशी. तिला सोडायला वडील आले होते, ओमुरकुल नावाचे. आयुष्यभर मेंढ्या राखलेला माणूस, खुर्चीच्या कडेवर असा टेकला होता की जणू ती मोडली तर भरून द्यावी लागेल. माझ्या त्या शेवटच्या ओळीसाठी मीरिमने सांगितलं: आई, २४ ऑक्टोबर, दोन वर्षांपूर्वी. कशाने, विचारलं तर म्हणाली, यकृत. वडील खिडकीबाहेर बघू लागले. बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी माणूस सावरलेला नाही, असं मी समजले. समजण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून फार हुशार.

तिला चौदा नंबरची खोली दिली. तिथे आधीच दोघी होत्या. नुर्झात, दुसऱ्या वर्षाची, गरीब स्वभावाची. आणि एलनुरा, ओशकडची, जिच्या जिभेला हाड नव्हतं. खोलीत एकच चादर अंथरून तिघी जेवत. संध्याकाळची फेरी मारताना मी दारात उभी राहून त्यांचा चहा होईपर्यंत गप्पा मारायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नवी पोरगी नानचा तुकडा हातात घेते, डोळे मिटते, ओठ हलवते आणि मगच खाते. एलनुराने तिला चिडवलं होतं, "काय गं, नानला मंत्र घालतेस का?" त्यावर नुर्झातच म्हणाली, "अगं, हाडं पाठ करतेय. मीही पहिल्या वर्षी तेच करायचे." शरीरशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत दोनशे सहा हाडांची लॅटिन नावं घडाघडा म्हणावी लागत आणि त्यात निम्म्या पोरी गळत. मीरिम खाली बघून हसली.

मला तर तिचं इतकं कौतुक वाटलं की मी मजलाभर सांगत सुटले. बघा, ही डोंगरातली पोर चहा निवेपर्यंतचा वेळसुद्धा वाया घालवत नाही, आणि तुम्ही बसा आरशासमोर भुवया उपटत. पुढे पाच आठवडे पोरी तिला ‘दोनशे सहा’ म्हणत होत्या. ती हाकेला ओ देत होती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जुन्या काळातली. देव नाही, या विषयावर आम्हाला परीक्षा द्यावी लागे आणि मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. त्याच काळात दर गुरुवारी माझी आई पडदा ओढून घ्यायची आणि तेलात सात टोकोच तळायची. टोकोच म्हणजे कणकेची जाडसर, गोल, तळलेली पोळी. गेलेल्या माणसांना म्हणे तापलेल्या तेलाचा वास पोहोचतो आणि त्यावर त्यांचं पोट भरतं. तळून झालं की कोणीतरी कुराणातल्या चार ओळी म्हणायच्या, घरातल्या मेलेल्यांची एकेक करून नावं घ्यायची, पहिला टोकोच मोडायचा आणि म्हणायचं, त्यांना पोहोचो. आई गेल्यावर मीही तळू लागले. देव आहे की नाही ते मला आजही ठाऊक नाही, पण माझी आई उपाशी राहिलेली मला चालणार नाही.

त्या वर्षी चोवीस ऑक्टोबर गुरुवारी आला.

रजिस्टर चाळताना ते माझ्या नजरेला पडलं आणि मला गलबलून आलं. आईविना पोर, परक्या शहरात, वर्षश्राद्धाचा दिवस, आणि तिच्या आईच्या नावाने तेल तापवायला कोणी नाही. तिला न सांगताच मी ठरवलं. घरून पीठ आणलं, तेल आणलं, खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारपासून राबले. आमच्या गल्लीतल्या राबिया अपाला बोलावलं. आमच्यात वडीलधाऱ्या बाईला अपा म्हणतात, आणि आईलाही. ऐंशीची म्हातारी, पण पाठांतर असं की ऐकत राहावं. मजल्यावरच्या सगळ्या पोरींना बसवलं. मीरिम वर्गातून आली तेव्हा सगळं मांडून तयार होतं. तिला मी माझ्या शेजारी बसवलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

राबिया अपाने कुराणातल्या ओळी म्हटल्या. आम्ही सगळ्यांनी तळवे पसरले. मग मी मोठ्याने मीरिमच्या आईचं नाव घेतलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. सगळ्यात जवळची तीच, तेव्हा पहिला टोकोच तिनेच मोडायचा आणि म्हणायचं.

तिचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

मला वाटलं, पोरीला रडू येतंय. मी हळूच म्हटलं, मोड बाळा, आईला पोहोचो म्हण. ती पांढरी पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या हळू बोलली की शेवटच्या रांगेतल्या पोरी पुढे वाकल्या.

"एजे, माझ्या अपाने जाताना सांगितलं होतं. माझ्यासाठी तेल तापवू नका. मी जाते तिथे मी उपाशी नाही. ती ईसा मसीहाची होती." मग थांबून म्हणाली, "मीपण आहे."

राबिया अपाने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काठी शोधू लागली. मीरिम एलनुराकडे वळली. "मी हाडं पाठ करत नव्हते," म्हणाली. "तुम्हाला तसं वाटलं आणि मी वाटू दिलं. ती प्रार्थना होती."

इथे मी मोठ्या मनाने वागले असं लिहायला मला आवडलं असतं. मी तशी वागले नाही. सगळ्या मजल्यासमोर, राबिया अपासमोर माझं तळण नाकारलं गेलं होतं आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती. मी म्हटलं, आईच्या नावाचा घास ढकलणारी पोर मी आयुष्यात पाहिली नाही. तिने मान खाली घातली. सातही टोकोच मी राबिया अपाच्या पिशवीत भरून दिले आणि एकटी भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवसापासून चौदा नंबरमध्ये दोन चादरी अंथरल्या जाऊ लागल्या. गावाकडे अशा लोकांना सरसकट बाप्तिस्त म्हणतात. कोणत्या पंथाचा, कुठला, कोणी बघत नाही. तो शब्द शिवीसारखा वापरतात. एलनुराने तो दारावर खडूने लिहिला. मी पुसला, पण लिहिणारीला बोलले नाही. नुर्झात तेवढी मीरिमला आपल्या किटलीतला चहा देत राहिली आणि दर वेळी एलनुराकडे चोरून बघत राहिली. मीरिम वेळेवर वर्गात जाई, वेळेवर परत येई. जेवताना ती पूर्वीसारखीच डोळे मिटायची. आता मात्र ओठांबरोबर थोडा आवाजही निघायचा.

माझा राग शनिवारपर्यंत टिकला, आणि शनिवारी मी फोन लावला. गावात एकच फोन होता, पोस्टात. ओमुरकुलना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तुमची मुलगी आईच्या नावाचं मोडत नाही, मजल्यावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. ते एवढंच म्हणाले, "येतो."

फोन ठेवला आणि मला वाटू लागलं की आपण काहीतरी वाईट करून बसलो. पण सुटलेलं घोडं कुठे हाकेला वळतं?

ते सोमवारी सकाळी आले. तीच जाड बंडी, डोक्याला पांढरी कल्पाक टोपी, हातात कापडी पिशवी. माझ्या ऑफिसात मीरिमला बोलावलं. मी उठून जायला निघाले तर म्हणाले, "बसा एजे. तुम्ही साक्षीला बऱ्या." मग मुलीला म्हणाले, "नानवर हात ठेवून काय कबूल केलं होतंस?"

"शहरात त्यांच्या सभेला जाणार नाही."

"गेलीस?"

"नाही, आके." वडिलांना ती आके म्हणे. "एकदाही नाही. कुठे भरते तेही विचारलं नाही."

आमच्यात नानची शपथ मोडणारा माणूस सापडत नाही. खोटं बोलणारे ढीगभर आहेत, पण नानवर हात ठेवून नाही. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला हे मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग या बाईंसमोर एवढंच सांग, की ते सुटलं. एक वाक्य. मी एकटा परत जातो, तू शीक. नाहीतर सामान बांध."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्यापेक्षा माझीच घाई झाली. परीक्षेत ती वर्गात पहिली आली होती. दोनशे सहा हाडं तिने आठ मिनिटांत म्हटली होती. मी मध्ये तोंड घातलं. "म्हणून टाक ना गं. तोंडाने म्हणायला काय लागतं? आम्ही तीस वर्षं तोंडाने एक म्हणत आलो आणि पडद्याआड दुसरं करत आलो. मेलो का? मनातलं मनात ठेव, कोण बघतंय."

"एजे, पाच आठवडे मी तेच केलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही सगळ्यांना सांगायचात, बघा किती अभ्यासू. मला जेवण जायचं नाही."

मग ती वडिलांकडे वळली. ती जे बोलली ते मी जमेल तसं लिहिते आहे, कारण ती थांबत थांबत बोलली. म्हणाली, की गावात ती आईचा हात धरून सभेला जायची. ते आपलं आहे की आईचं, हे तिला कळत नव्हतं. इथे आल्यावर आई नाही, सभा नाही, कोणी बघणारं नाही. तिला वाटलं, आता आपोआप सुटेल. थोडं बरंही वाटलं होतं. गावातल्या पोरांनी दगड मारलेले, शाळेत शेवटच्या बाकावर बसवलेलं, ते सगळं सुटेल. पहिले दोन आठवडे तिने प्रार्थना केलीच नाही. मग एके दिवशी शवविच्छेदनाच्या खोलीत टेबलावर एक बाई होती, आईच्याच वयाची. सगळ्या पोरी नाकाला रुमाल लावून हसत होत्या, घाबरून हसतात तशा. आणि तिच्या लक्षात आलं की आपण त्या अनोळखी बाईसाठी मनात बोलतोय, आणि कोणाशी बोलतोय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

"तिथे अपा नव्हती, आके. मीच होते. सुटलं म्हटलं तर खोटं होईल. शिकायचं मला फार आहे. पण तुम्ही चल म्हणाल तर येते."

वडिलांनी गुडघ्यावरची टोपी पुन्हा डोक्याला चढवली. ती थोडा वेळ उभी राहिली, मग वर सामान बांधायला गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली ती मी मोजत बसले, दुसरं काय करणार?

ती गेल्यावर ओमुरकुलनी मला विचारलं, "एजे, तुमची माणसं कुठे पुरलीत?" मी म्हटलं, गावच्या कबरस्तानात, आणखी कुठे. ते म्हणाले, माझ्या बायकोला जागा दिली नाही. गावाच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, बाप्तिस्ताची कबर आमच्यात नको. दोन दिवस ती घरात पडून होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गवताच्या कुरणात पहार घेऊन जमीन फोडली. खांदा द्यायला ते आणि मेव्हणा, दोघेच. ज्या माणसांची मेंढरं त्यांनी वीस वर्षं उन्हाळी कुरणात चारली, ती कुंपणापलीकडून बघत होती.

"मी नाही त्यातला," ते म्हणाले. "मी नमाजही धड पढत नाही. पण तो खड्डा मी खणलाय. हिच्यासाठी दुसरा खणायचं बळ माझ्या हातात नाही. म्हणून शपथ घातली. तुम्हाला काय वाटलं, मला तिचं तोंड बंद करायचं होतं?"

मला तेच वाटलं होतं. गुरुवारी त्या पोरीला मी जे बोलले ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं, शब्दन् शब्द. जिच्या आईला दोन हात जमीन मिळाली नव्हती, तिला मी घास ढकलणारी म्हटलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मीरिम उशी आणि पेटी घेऊन खाली आली. वडील उठले. तेव्हा मला एकच गोष्ट सुचली, आणि ती सुचली कारण मी आमच्यातली आहे. नान चाखल्याशिवाय आमच्यात पाहुण्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. कितीही घाई असो, भांडण असो, एक तुकडा तोंडात टाकून जायचं. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या छपराखालून कोरड्या तोंडाने कोणी जायचं नाही. चहा ठेवलाय. ठेवला नव्हता. टेबलावरची रजिस्टरं खाली टाकली, चादर अंथरली, किटली लावली. माझ्याकडे नान उरलं नव्हतं, तर ओमुरकुलनी पिशवीतून काढलं. गावच्या भट्टीतलं, मोठं, मध्ये दाबलेलं. बरोबर कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खारट गोळेही होते. पोरीसाठीच आणले असणार.

मी तीन वाडग्यांत चहा ओतला. नान मोडायचा मान थोरल्या माणसाचा. ते मोडत नाहीत तोवर कोणी हात लावायचा नाही, आणि आशीर्वाद म्हणायचा तो खाऊन झाल्यावर, शेवटी. अशीच रीत. ओमुरकुलनी नान दोन्ही हातांत घेतलं. घेतलं आणि तसेच बसले. चहावर साय धरू लागली. मी म्हटलं, मोडा ना. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

"तुझी आई आधी म्हणायची," ते मुलीला म्हणाले. "बारा वर्षं माझ्यासमोर म्हणायची. मी चिडायचो, चहा निवतो म्हणून." त्यांनी नान तिच्या हातात दिलं. "यावरची शपथ मी परत घेतली. म्हण. मोठ्याने म्हण, मी ऐकतो."

मीरिमने नान धरलं. तिने डोळे मिटले आणि म्हटलं. फार लांब नव्हतं. अन्नासाठी आभार, आकेंच्या हातांसाठी आभार, काल्बूबू एजेच्या चहासाठी आभार. मग नान मोडून पहिला तुकडा वडिलांना दिला, दुसरा मला. आम्ही खाल्लं. शेवटी ओमुरकुलनी रीतीप्रमाणे तळवे पसरले, रस्ता खुला असो म्हणाले, आम्ही तिघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि ते एकटेच बस पकडायला गेले. पेटी मी स्वतः उचलून चौदा नंबरमध्ये नेली. दारावर पुन्हा खडू दिसला तर सगळ्या मजल्याला संडास घासायला लावीन, असं एलनुराकडे बघून सांगितलं.

मीरिम तिथेच शिकली. रविवारी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडायची आणि मी तिच्यासाठी फाटक स्वतः उघडायची. कॉलेज संपल्यावर ती गावीच परतली. आज तिथल्या आरोग्य केंद्रात ती एकटीच आहे. जे कुंपणापलीकडून बघत होते त्यांचा रक्तदाब तीच मोजते. गेल्या हिवाळ्यात तिने मला कुरुत पाठवले, चिठ्ठीत खाली लिहिलं होतं: तुमची दोनशे सहा.

मी अजून दर गुरुवारी तळते. आईचं नाव घेते, वडिलांचं, भावाचं, राबिया अपाचंही आता. आणखी एक नाव आहे जे रजिस्टरमुळे मला कधीच विसरता आलेलं नाही. त्या नावापाशी आले की मी तोंड मिटून घेते. ती बाई उपाशी नाही, असं तिने सांगून ठेवलंय, आणि तिच्या मुलीने त्यासाठी सगळं पणाला लावलं. तुमच्या लक्षात आलं असेल, इथेही मी ते घेतलेलं नाही.